आठ तासांतले साडेपाच

कॅरिबियन समुद्रातल्या एखाद्या क्रूझची कार्यक्रमपत्रिका उघडली, की बेटाच्या नावापुढे 'आगमन सकाळी ८, प्रस्थान दुपारी ४' असे काहीतरी छापलेले असते. वाचणारा आठ तासांचा बेत आखतो आणि पहिली चूक तिथेच होते. जहाज धक्क्याला लागल्यावर बेटाचे अधिकारी कागदपत्रे पाहून परवानगी देतात, मग शिडी उघडते. यात वीस-तीस मिनिटे जातात. त्यानंतर तीन-चार हजार माणसे एकदम लिफ्टकडे निघतात. परतताना जहाज सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी प्रत्येकाने आत असायचे असते. जाणता प्रवासी त्याआधीचा आणखी एक तास मोकळा ठेवतो, कारण बेटावर रस्ते थोडे, आणि एखादा ट्रक आडवा झाला तर दुसरी वाट नसते. ही वजाबाकी केली की आठांतले साडेपाच तास उरतात. पाहायचे ठिकाण तासाभराच्या अंतरावर असेल तर त्यातलेही दोन गाडीत बसून संपतात.

उरलेल्या वेळात काय बसते, हे बेटागणिक बदलते आणि ते माहितीपत्रकातल्या छायाचित्रांवरून कळत नाही. ते बेटाच्या नकाशावरून कळते: जहाज कुठे उभे राहते, वारा कोणत्या बाजूने येतो, मधे डोंगर आहे की सपाटी. एवढ्या तीन गोष्टी आधी पाहून ठेवल्या तर थांबा सत्कारणी लागतो. पूर्व आणि दक्षिण कॅरिबियनमध्ये व्हर्जिन बेटांपासून ग्रेनाडापर्यंत धनुष्यासारखी वाकलेली बेटांची रांग आहे. तिला लेसर अँटिलीज म्हणतात. या तिन्ही गोष्टी तिथे इतक्या स्पष्ट दिसतात, की थांब्याचा अभ्यास करायला त्याहून चांगली जागा सापडणार नाही.

त्याआधी घड्याळाविषयी. या रांगेतली बेटे वर्षभर एकच वेळ पाळतात, ग्रिनिचच्या चार तास मागची. मायामीचे घड्याळ मात्र हिवाळ्यात पाच तास आणि उन्हाळ्यात चार तास मागे असते. मायामीहून निघालेली काही जहाजे बेटाप्रमाणे घड्याळ बदलतात, काही शेवटपर्यंत मायामीचीच वेळ चालवतात. खिशातला मोबाइल बेटावरच्या टॉवरची वेळ दाखवतो. मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर तर उन्हाळ्यात हमखास घोटाळा होतो: तिथली वेळ मायामीपेक्षा एक तास मागे असते, म्हणून जहाजावर चार वाजलेले असताना मोबाइल तीन दाखवतो आणि किनाऱ्यावर निवांत बसलेल्या माणसाला अजून तासभर आहे असे वाटत राहते. मोबाइलची आपोआप बदलणारी वेळ बंद करून ठेवावी किंवा हातात जहाजाच्या वेळेला लावलेले साधे घड्याळ बांधावे. जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकात परत येण्याची वेळ आणि बंदरातल्या एजंटाचा दूरध्वनी क्रमांक असतो. त्या पानाचा फोटो काढून ठेवावा.

जहाज चुकले तर काय होते, हेही माहीत असावे. जहाज कंपनीच्या स्वतःच्या सहलीवर गेलेल्या प्रवाशांना उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. त्यांना पुढे आणून सोडण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतःच्या बेताने फिरणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंत जाण्याचा खर्च आणि खटाटोप त्याचा त्यालाच करावा लागतो. कित्येकदा कर्मचारी मागे राहिलेल्याच्या खोलीतल्या तिजोरीतून पासपोर्ट काढून एजंटाकडे देऊन जातात, पण त्यावर विसंबणे बरे नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याची अडचण अधिक असते: जहाजातून सहज उतरता येते तिथे विमानाने जायला व्हिसा लागू शकतो, आणि फेरी अमेरिकेत संपणार असेल तर पुन्हा प्रवेश देणारा अमेरिकेचा व्हिसाही लागतोच.

जहाज कुठे उभे राहते, हा नकाशावरचा पहिला प्रश्न. काही बंदरांत ते थेट धक्क्याला लागते. डोमिनिकाची राजधानी रोझो इथे तर शिडी उतरले की समोर गावाचा मुख्य रस्ता असतो. ग्रँड केमनसारख्या ठिकाणी मोठ्या जहाजांना धक्काच नाही. जहाज बाहेर उभे राहते आणि गेटवेवरून घारापुरीला जावे तसे लाँचमध्ये बसून किनाऱ्यावर जावे लागते. या लाँचला टेंडर म्हणतात. टेंडरच्या बंदरात साडेपाच तासांतला आणखी एक तास कमी धरावा, कारण जाताना नंबर लागतो आणि येताना उन्हात रांग लागते. पहिल्या लाँचा बहुधा कंपनीच्या सहलींना मिळतात. समुद्र उचललेला असेल तर कप्तान तो थांबाच रद्द करतो. टेंडरच्या बंदरासाठी स्वतंत्रपणे काही ठरवताना जहाज न आल्यास पैसे परत मिळतील की नाही, हे आधी विचारून घ्यावे. वयस्कर किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसांनी हलत्या लाँचमध्ये पाय टाकण्याचाही विचार करावा.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. या पट्ट्यात व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून आणि ईशान्येकडून वाहतात. अटलांटिक महासागर ओलांडून आलेल्या लाटा बेटांच्या पूर्व किनाऱ्यावर आदळतात. पश्चिमेकडचा कॅरिबियन समुद्र बेटाच्या आडोशाला शांत राहतो. म्हणूनच बहुतेक जुनी बंदरे पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला आहेत. पोहायचे असेल, लहान मुले बरोबर असतील, मुखवटा लावून पाण्याखालचे मासे पाहायचे असतील तर पश्चिम किनारा. पूर्व किनारा पाहण्यासाठी जावे, पाण्यात उतरण्यासाठी नव्हे. तिथले आतले प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतात. सारगॅसम नावाचे तपकिरी समुद्रशेवाळ अलीकडच्या वर्षांत वसंत आणि उन्हाळ्यात ढिगांनी वाहून येते, तेही जास्त करून पूर्वेकडच्या वाळूवर साचते. माहितीपत्रकातला निळाशार किनारा आणि प्रत्यक्षातला शेवाळाचा थर यांत कधी कधी पाच-दहा किलोमीटरचेच अंतर असते.

तिसरा प्रश्न जमिनीचा. अटलांटिकच्या तळाचा भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो आहे आणि त्यातून ही रांग घडली आहे. आतल्या बाजूची बेटे ज्वालामुखींची: सेंट किट्स, डोमिनिका, मार्टिनिक, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा. त्यांच्या पोटात गंधकाचे गरम झरे आहेत, मधोमध उंच डोंगर, दाट झाडी आणि भरपूर पाऊस. हे ज्वालामुखी इतिहासजमा झालेले नाहीत. 1902 मध्ये मार्टिनिकच्या माँट पेलेने सें-पियेर हे शहर काही मिनिटांत नष्ट केले आणि सुमारे अठ्ठावीस हजार माणसे गेली; माँटसेराटची राजधानी प्लिमथ 1995 मध्ये सुरू झालेल्या उद्रेकामुळे कायमची सोडून द्यावी लागली. बाहेरच्या बाजूला अँटिग्वासारखी चुनखडीची, बसकी बेटे आहेत. बार्बाडोस तर या रांगेच्याही पूर्वेला एकटे उभे आहे; समुद्रतळाचा गाळ वर उचलला जाऊन आणि त्यावर पोवळ्यांचा थर साचून ते बनले. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की सपाट बेटावर साडेपाच तासांत दोन गोष्टी होतात, डोंगराळ बेटावर एकच. वीस किलोमीटरला वीस मिनिटे हा हिशेब ज्वालामुखीच्या बेटावर लागू पडत नाही. कोकणातल्या घाटवाटांची सवय असलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

बार्बाडोस हे उदाहरण म्हणून आधी घ्यावे, कारण इथे निवड करायला खरा वाव आहे. बेट सुमारे 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद; चांगला रस्ता आहे आणि वाहने भारतासारखीच डावीकडून चालतात. जहाज ब्रिजटाऊनच्या बंदरात लागते. ब्रिजटाऊन आणि तिथली ब्रिटिश लष्करी वसाहत 2011 पासून जागतिक वारसा यादीत आहे. सकाळच्या उन्हाआधी गावात शिरावे: करीनेज नावाची आतली खाडी, पार्लमेंटची दगडी इमारत, 1654 पासूनचे निधे इस्रायल हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर हे सगळे पायी होते. वसाहतीत जॉर्ज वॉशिंग्टन राहिला ते घर आहे. 1751 मध्ये तो एकोणीस वर्षांचा असताना आजारी सावत्र भावाबरोबर इथे आला होता. पुढच्या आयुष्यात तो अमेरिकेच्या भूमीबाहेर कधी गेला नाही. पार्लमेंटसमोरच्या चौकातला नेल्सनचा पुतळा 2020 मध्ये उतरवण्यात आला आणि 30 नोव्हेंबर 2021 रोजी बार्बाडोस प्रजासत्ताक झाले. साखरेच्या मळ्यांवर राबवलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज आज हा देश चालवतात. ही गोष्ट मनात ठेवून गाव पाहिले तर जुन्या इमारती नुसत्या सुंदर दिसत नाहीत, बोलू लागतात.

मराठी प्रवाशाला बंदरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आणखी एक ठिकाण खुणावते: केन्सिंग्टन ओव्हल. 1962 च्या दौऱ्यात भारताचा कर्णधार नरी काँट्रॅक्टर याला ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागला तो इथे. त्याला रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. 1971 मध्ये अजित वाडेकरच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली, तेव्हा या मैदानावर मडगावच्या दिलीप सरदेसाईने 150 धावा काढल्या आणि पदार्पणाच्या मालिकेत 774 धावा करणाऱ्या सुनील गावसकरने नाबाद 117. आणि 29 जून 2024 रोजी रोहित शर्माच्या संघाने टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला तो इथेच. सामना नसतानाही मैदान बाहेरून पाहायला अर्धा तास पुरे.

त्यानंतर एक निवड करावी लागते. शांत पाणी हवे असेल तर टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर कार्लाइल बे आहे. तिथे 1919 मध्ये बुडालेली एक टगबोट आणि इतर जहाजांचे सांगाडे उथळ पाण्यात आहेत, आणि समुद्री कासवे किनाऱ्याच्या जवळ येतात. खवळलेला अटलांटिक पाहायचा असेल तर पाऊण तासावर पूर्वेला बाथशिबा. तिथे लाटांनी पायथे झिजवलेले प्रचंड खडक किनाऱ्यावर छत्र्यांसारखे उभे आहेत. गाव आणि कार्लाइल बे, किंवा गाव आणि बाथशिबा, एवढेच बसते. बाथशिबा, चुनखडीची हॅरिसन गुहा आणि कासवे असे तिन्ही एका दिवसात कोंबणारी सहल विकत मिळते, पण तिच्यात बेट गाडीच्या खिडकीतूनच दिसते.

सेंट लुसियात ही मुभाही नाही. जहाज वायव्येला कॅस्ट्रीज इथे लागते. ज्यासाठी बेट प्रसिद्ध आहे ते पिटाँ, समुद्रातून सरळ वर आलेले दोन सुळके, नैर्ऋत्येला सुफ्रियेर गावाजवळ आहेत. अंतर चाळीसेक किलोमीटर. रस्ता इतका वळणांचा की जायला सव्वा तास धरावा आणि गाडी लागणाऱ्याने गोळी घेऊन निघावे. हे सुळके 2004 पासून जागतिक वारसा आहेत. पाहायचे तर बोटीने जाणे शहाणपणाचे: कॅटमरान किंवा स्पीडबोट पश्चिमेच्या आडोशाच्या पाण्यातून जाते, आणि सुळक्यांची खरी उंची समुद्रातूनच कळते. खाली सुफ्रियेरजवळ गंधकाच्या झऱ्यांत उकळता चिखल आहे. एवढे केले की दिवस संपतो, आणि तो संपू द्यावा. ज्याला एवढा प्रवास नको त्याने उत्तरेला अर्ध्या तासावर पिजन आयलंडला जावे. तिथल्या जुन्या किल्ल्यावरून ब्रिटिश आरमारप्रमुख रॉडनी मार्टिनिकमधल्या फ्रेंच जहाजांवर नजर ठेवत असे. 1782 मध्ये तो इथून निघाला आणि सेंट्सच्या लढाईत त्याने त्यांचा पराभव केला. वरून आजही मार्टिनिक दिसते. कॅस्ट्रीजमध्येही एक तास घालवण्यासारखा आहे. एवढ्याशा बेटाने दोन नोबेल विजेते दिले, अर्थशास्त्रातले आर्थर लुईस (1979) आणि कवी डेरेक वॉलकॉट (1992); गावातला मुख्य चौक वॉलकॉटच्या नावाचा आहे.

डोमिनिकाला पांढरी वाळू फारशी नाही, म्हणून अनेक प्रवासी तिथे जहाजातच थांबतात. या रांगेतला सर्वांत मोठा तोटा तो हाच. 1997 पासून जागतिक वारसा असलेले मॉर्न त्र्वा पिटाँ अरण्य या बेटावर आहे आणि त्याच्या कडेचा ट्रफॅल्गर धबधबा रोझोपासून अर्ध्या तासात गाठता येतो. जवळच टिटू गॉर्ज आहे, दोन कड्यांमधल्या अरुंद थंड पाण्यातून पोहत जायची घळ. याच अरण्यातला उकळता तलाव मात्र क्रूझवरच्या माणसासाठी नाही. जाऊन यायला सहा तासांहून अधिक लागतात. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने बेटावरची जवळपास सगळी छपरे उडवली होती. रोझोच्या वनस्पतिउद्यानात 1979 च्या डेव्हिड वादळात बसवर कोसळलेले गोरखचिंचेचे झाड त्या चिरडलेल्या बससकट तसेच ठेवले आहे. वादळ म्हणजे काय, ते या बेटावर शब्दांत सांगावे लागत नाही.

सेंट मार्टिनचा प्रश्न वेगळा आहे. सुमारे 87 चौरस किलोमीटरच्या या बेटाचे 1648 च्या करारापासून फ्रेंच आणि डच असे दोन भाग आहेत. जहाजे डच भागातल्या फिलिप्सबर्गला लागतात, कधी चार-पाच एकदम. म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास पंधरा-वीस हजार माणसे एकाच गावात. बहुतेकांना माहो किनारा पाहायचा असतो, जिथे मोठी विमाने माणसांच्या डोक्यावरून धावपट्टीवर उतरतात. मोठी विमाने दुपारी येतात, आणि परतीच्या वाटेवर सिंप्सन बेचा उचलता पूल आहे. बोटींसाठी तो वर उचलला की दोन्हीकडे वाहनांची रांग लागते. जहाज पाचला सुटत असेल तर माहोहून दोनला निघावे. गावातली खरेदी आधी न करता शेवटी करावी; तोवर गर्दीही पांगलेली असते.

अँटिग्वात सेंट जॉन्सच्या धक्क्यापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंड आहे. विव्हियन रिचर्ड्सने 1986 मध्ये 56 चेंडूंत शतक केले ते इथे, ब्रायन लाराने 375 आणि पुढे 2004 मध्ये नाबाद 400 केल्या त्याही इथेच. 2002 मध्ये जबडा मोडलेल्या अनिल कुंबळेने डोक्याभोवती पट्टी बांधून गोलंदाजी केली आणि लाराला बाद केले, तेही याच मैदानावर. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पाऊण तासावर, नेल्सन्स डॉकयार्ड आहे: अठराव्या शतकातली आरमाराची गोदी, आफ्रिकी गुलामांच्या श्रमांनी बांधलेली, 2016 पासून जागतिक वारसा. गोदी आणि वरच्या शर्ली हाइट्सवरून दिसणारा देखावा यांत साडेतीन तास जातात. उरलेल्या वेळात पोहायचे की मैदान पाहायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

दक्षिणेकडचे ग्रेनाडा आणि कुरासाव ही पायी फिरायची बंदरे आहेत. ग्रेनाडाच्या सेंट जॉर्जेसमध्ये घोड्याच्या नालेसारख्या बंदराभोवती डोंगरावर घरे चढत गेली आहेत, आणि धक्क्याजवळून छोट्या होड्या ग्रँड आन्सच्या लांबलचक किनाऱ्यावर नेतात. मोलिनिएर उपसागराच्या तळाशी 2006 मध्ये जेसन डिकेअर्स टेलर या शिल्पकाराने उभारलेले मानवी पुतळे आता पोवळ्यांनी भरले आहेत. कुरासावच्या विलेमस्टाडमध्ये 1888 चा क्वीन एमा पूल होड्यांवर तरंगतो आणि जहाज आले की दारासारखा उघडतो. त्याच्या पलीकडच्या प्यूंडा भागातल्या ज्यू प्रार्थनामंदिरात जमिनीवर वाळू अंथरलेली आहे. इथे टॅक्सी न करताही दिवस भरतो.

सहल कंपनीची घ्यावी की स्वतः ठरवावी, याचे एकच उत्तर नाही. लांबचे ठिकाण, बोटीचा प्रवास, टेंडरचे बंदर, थांबा कमी तासांचा: यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तर कंपनीची सहल घ्यावी आणि जास्तीचे पैसे हे जहाज न चुकण्याचा विमा म्हणून धरावेत. जवळच्या किनाऱ्यासाठी किंवा गावासाठी ती घेण्यात अर्थ नाही. चार-पाच जणांनी मिळून टॅक्सी केली तर खर्च कमी होतो, शिवाय चालक आपल्या गावाविषयी मार्गदर्शकाच्या पाठ केलेल्या भाषणापेक्षा कितीतरी अधिक सांगतो. बहुतेक बेटांवर टॅक्सीला मीटर नसतो. सरकारने ठरवलेले दर धक्क्याजवळच्या फलकावर असतात. बसण्याआधी भाडे पूर्ण गाडीचे की माणशी, एका बाजूचे की येण्याजाण्याचे, आणि कोणत्या डॉलरमध्ये, हे विचारावे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. अँटिग्वा, डोमिनिका, सेंट लुसिया, ग्रेनाडा इथे पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो आणि एका अमेरिकी डॉलरला तो 2.70 मिळतो, बार्बाडोसचा डॉलर दोनाला एक आहे. नुसते 'वीस डॉलर' म्हटले तर दोघांच्या मनात वेगवेगळे आकडे असू शकतात. अमेरिकी नोटा सगळीकडे घेतात, पण सुटे स्थानिक चलनात परत येतात, म्हणून छोट्या नोटा बाळगाव्यात.

आणि बोलण्याची सुरुवात 'गुड मॉर्निंग'ने करावी. या बेटांवर दुकानात शिरून थेट किंमत विचारणे उद्धटपणाचे समजतात. आधी रामराम, मग काम, ही रीत मराठी माणसाला नवी नाही.

किनाऱ्यावर एका झाडापासून सावध राहावे लागते. मँचिनील नावाचे हे झाड वाळूच्या कडेला सावली धरून उभे असते आणि त्याची फळे छोट्या हिरव्या सफरचंदांसारखी दिसतात. फळ विषारी आहे. पांढऱ्या चिकाने कातडीवर फोड येतात, पावसात त्याखाली उभे राहिले तरी थेंबांबरोबर चीक अंगावर पडतो. अनेक ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवून इशारा दिलेला असतो, पण सगळीकडे नाही. मुलांना हे जहाजातच सांगून ठेवावे. पोवळ्यांना अपाय करणाऱ्या ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन यांचे सनस्क्रीन अमेरिकी व्हर्जिन बेटांनी 2020 पासून बंद केले आहे. जस्ताच्या भस्माचे, म्हणजे झिंक ऑक्साइडचे, बरोबर न्यावे. लष्करी छापाचे हिरवे-तपकिरी कपडे बार्बाडोस, सेंट लुसिया, अँटिग्वा, ग्रेनाडा अशा बऱ्याच बेटांवर कायद्याने निषिद्ध आहेत, लहान मुलांनाही. टोपी असो की पिशवी, ती घरीच ठेवावी.

हंगाम निवडायची संधी असेल तर डिसेंबर ते एप्रिल हे कोरडे महिने चांगले. गर्दी आणि दर मात्र तेव्हाच जास्त. चक्रीवादळांचा काळ 1 जून ते 30 नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर धोक्याचा. जहाज वादळाला वळसा घालून जाते, पण बेट बदलते: डोमिनिकाऐवजी भलतेच बंदर येऊ शकते. कुरासाव आणि अरूबा वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला असल्याने त्या महिन्यांत त्यांचे थांबे त्यातल्या त्यात भरवशाचे. प्रस्थान कुठून, यालाही महत्त्व आहे. मायामीहून निघालेले जहाज आठवड्यात तीन-चार बेटांना लागते, कारण जाण्यायेण्यात दिवस समुद्रात जातात. प्वेर्तो रिकोच्या सान हुआनहून निघाले तर बेटे एका रात्रीच्या अंतरावर असतात आणि पाच-सहा थांबे मिळतात. थांबे वाढले की थकवाही वाढतो. सलग चौथ्या दिवशी दोन तास गावात हिंडून जहाजावर परतलेला माणूस काही गमावत नाही.

जेवायला मात्र जहाजावर परतू नये. या बेटांच्या बाजारात मराठी स्वयंपाकघर वेगळ्या नावांनी भेटते. कॅलालू म्हणून जी दाट हिरवी भाजी किंवा सूप मिळते ते बऱ्याच बेटांवर अळूच्या पानांचे असते. अनेकदा त्यात खेकडा किंवा खारवलेले मांस घालतात, म्हणून शाकाहाऱ्याने विचारून घ्यावे. ब्रेडफ्रूट म्हणजे कोकणातला नीरफणस. गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी कॅप्टन ब्लायने 1793 मध्ये त्याची रोपे ताहितीहून सेंट व्हिन्सेंटला आणली. किंग्जटाऊनच्या 1765 मध्ये स्थापन झालेल्या वनस्पतिउद्यानात त्याच वंशातले झाड दाखवतात. 1845 पासून त्रिनिदादला आणि पुढे ग्रेनाडा, सेंट लुसियाला आलेल्या भारतीय मजुरांनी रोटी आणली. छोल्यांची किंवा बटाट्याची भाजी गुंडाळलेली ही रोटी आता बार्बाडोसमध्येही सहज मिळते आणि शाकाहाऱ्याचा दिवस निभावते. रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या टपऱ्यांवरचे 'इटल' जेवण सहसा बिनमांसाचे असते. ग्रेनाडाच्या बाजारात जायफळ आणि जायपत्री टोपलीने विकायला असते. जायफळ त्या देशाच्या ध्वजावरही आहे. 2004 च्या आयव्हन वादळाने तिथल्या बहुतेक बागा उद्ध्वस्त केल्या आणि नवे झाड फळायला सहा-सात वर्षे लागतात, म्हणून तिथल्या बाईने जपून मोजून दिलेल्या त्या फळांना किंमत करताना हे आठवावे.

वाळलेला मसाला जहाजावर बहुधा नेता येतो. ताजी फळे, रोपे, माती आणि शंखशिंपले धक्क्यावरच ठेवावे लागतात. रमची बाटली घेतली असेल तर ती शिडीपाशी जमा करून घेतात आणि फेरीच्या शेवटच्या रात्री खोलीत आणून देतात. पावती तोवर सांभाळावी.